कोबीचा चिकटा आणि माझी साक्ष

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि माझ्यावर एकदा खोटे दाखवल्याचा आळ आला होता. मित्रांनो, त्याचीच ही हकीकत.

माझी भिंगे घासणारा कारागीर मोठा चिकित्सक. प्रत्येक भिंग उजेडाकडे धरून तीन-तीनदा पाही, तेव्हा कुठे त्याचे समाधान होई. पुढे मी वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत आलो. बावीस वर्षे विद्यार्थी माझ्यातून पाहायला रांग लावत. मग पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी खिडकीखालच्या टेबलावर झाली. माझ्या मानेवर धूळ बसली. कुणी तर माझ्यावर ओला रुमालही वाळत घाली.

नव्या यंत्रावर पाळी मिळेना म्हणून एक संशोधक मुलगी माझ्याकडे आली. सगळे तिला ताई म्हणत. तिचे काम कोबीच्या घाण्या रोगावर होते. या रोगात पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण पसरतो आणि शिरा काळ्या पडतात. रोगाचे जिवाणू एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर करतात. त्या थरात औषध सहसा शिरत नाही. हे जिवाणू एक रसायन बाहेर सोडतात. त्यांची संख्या वाढली की रसायन दाटते, आणि आपण किती जण जमलो हे त्यांना त्यावरून कळते. ही त्यांची बोलीच म्हणा ना!

तिच्या सरांचा कयास सरळ होता: ही बोली बंद पाडली की थर बनणार नाही. तसे त्यांनी एका सभेत सांगूनही टाकले होते. रसायन मोडणारी फवारणी तयार होती, आणि हरितगृहाचे माळीकाका कोबीची अर्धी रोपे प्रयोगाला द्यायला राजी झाले होते.

ताईने हे रसायन न बनवणारे, म्हणजे मुके जिवाणू वाढवले आणि माझ्याखाली ठेवले. ते सुटे पोहताना दिसायला हवे होते. दिसले भलतेच! मुक्यांचे जाड गठ्ठे झाले होते आणि एकही सुटायला तयार नव्हता.

ताईने सांगितल्यावर सर हसले. "अगं, त्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय. भिंगावरची बुरशी बघतेयस तू. परवा फवारणी आहे, आता नवीन खूळ काढू नकोस."

मला फार लागले. ताईने माझी भिंगे एकेक करून पुसली आणि काचपट्टी हळूच सरकवली. घाण भिंगावर असती, तर जागची हलली नसती. गठ्ठे काचपट्टीबरोबर सरकले.

तेवढ्यात माळीकाका फवारणीची वेळ विचारायला आले.

"काका, दोन दिवस थांबाल का?" ताईने चाचरत विचारले.

"सर काय म्हणतात?"

"गठ्ठे खरेच आहेत, हे त्यांना अजून सांगितलं नाही."

"मग आधी त्यांना सांग, पोरी. दोन दिवसांत माझा कोबी काही पळून जात नाही."

पण सांगायचे तर हातात पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बोलक्या, म्हणजे रसायन सोडणाऱ्या जिवाणूंचे पाणी गाळले. त्यात रसायन उतरले होते. त्याचा एक थेंब तिने मुक्यांच्या गठ्ठ्यांवर सोडला. दुपारपर्यंत गठ्ठ्यांच्या कडा विरल्या. चारच्या सुमारास जिवाणू सुटे होऊन पोहू लागले. ताई धावतच सरांकडे गेली.

सर माझ्यावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काचपट्टी सरकव," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "पुन्हा."

मग त्यांनी चष्मा पुसला. "बाहेर पडायची हाकच आपण बंद करणार होतो. सगळे आत घट्ट बसले असते, आणि औषध राहिलं असतं बाहेर. माळीकाकांना फोन लाव."

पुढच्या सभेत सरांनी आपली चूक स्वतः सांगितली आणि ती कुणी पकडली हेही सांगितले. आता आधी गठ्ठे सोडवून मग औषध देऊन पाहतात. काचेच्या बशीत ते जमले आहे. झाडावर जमेल की नाही, ते माळीकाकांच्या सहा कोबींवर ठरायचे आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद कपाटात धूळ खात असेल. काम झाले की त्याचे भिंग मऊ कापडाने टिपा, वर खोळ घाला. आणि त्याने तुमच्या मनाविरुद्ध काही दाखवले, तर त्याला लगेच आंधळा ठरवू नका. भिंग पुसा आणि पुन्हा बघा.