गवंडीचा रकाना

काम सोपवण्याआधी मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. एरवी त्या दार लावत नाहीत, रागावतानाही नाही.

"तीन बिल्ड टूल्सची तुलना करायची आहे. दोन नवी, आणि तिसरं आपलं सध्याचं, गवंडी. वर्षाअखेरीपर्यंत एकावर यायचंय. हे तुला द्यावं की नाही, मला कळत नाहीये. नको असेल तर मी घाईमास्तरांना देते."

"ते अर्ध्या दिवसात उरकून मोकळे होतील."

"म्हणून तर विचारतेय."

"मी करते," ती म्हणाली.

गवंडी तिच्या वडिलांनी लिहिलं होतं, आणि वडील जाऊन दोन महिने झाले होते. हजारो फाइली जोडून त्यांतून चालता प्रोग्राम उभा करायचा, आणि पुढच्या खेपेला जेवढं बदललं असेल तेवढंच पुन्हा बांधायचं, एवढंच त्या टूलचं काम. बाबांनी ते बावीस वर्षांपूर्वी लिहिलं, ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुलं करून दिलं, आणि मग जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून सांभाळलं. त्या टोकाला घरात कुणी ताट ठेवत नसे.

दरवर्षी ते इंटरनेटवरच्या गवंडीच्या पानावर त्याची इतर टूल्सशी तुलना छापत. मोजमाप मात्र स्वतः करत नसत. "पोराची उंची बापानं मोजली, तर पोरानं टाचा उचलल्यात हे त्याला दिसत नाही," असं म्हणून ते काम त्यांनी मुलीच्या गळ्यात टाकलं, ती कॉलेजात असल्यापासून. घरातल्या सगळ्यांत रडतराऊत कॉम्प्युटरवर प्रत्येक टूल पाच वेळा चालवायचं. गवंडी मागे पडलं की ती आकडा हळू आवाजात सांगायची, आणि बाबा म्हणायचे, "लाजतेस काय? लिही. ठळक लिही."

या वेळी ऑफिसात तिनं आठ दिवस घेतले. पहिलं नवं टूल वाऱ्यासारखं धावलं, पण एका खेपेला त्याच्या नजरेतून बदललेली एक फाइल सुटली आणि जुनाच प्रोग्राम नवा म्हणून हाती आला. दुसऱ्याची मांडणी करण्यातच तीन दिवस गेले. एकदा बसल्यावर मात्र ते चुकलं नाही. गवंडीला सगळं मुळापासून बांधायला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्याच्या दुप्पट. छोट्या बदलांत त्याची चूक एकही नाही.

शेजारच्या टेबलावरून घाईमास्तर डोकावले. हे नाव त्यांना ऑफिसनं दिलं होतं आणि त्यांनी ते कपाळावर आठी न घालता घेतलं होतं.

"सगळं भरलंस की. गवंडीच्या रकान्यात शेवटची ओळ तेवढी कोरी का?"

शेवटची ओळ अशी होती: दोष निघाला, तर दुरुस्त करून नवी आवृत्ती कोण काढतं?

"भरते."

"आठ दिवस भरतेच आहेस, बाई. एवढ्यात माझं दुसरं लग्न झालं असतं."

"पहिलीला विचारलंत का?"

ते हसले, आणि मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "चावी खरंच कुणाकडे नाही?"

चावी म्हणजे सांकेतिक सही करण्याचं साधन. ती सही असल्याशिवाय गवंडीची नवी आवृत्ती कुणाच्याच मशीनवर चढत नसे. भलत्यानं मधे हात घालू नये म्हणून बाबांनीच तशी तजवीज केली होती. ती चावी उघडणारे चार शब्द फक्त त्यांना ठाऊक होते. हॉस्पिटलात एका दुपारी ते म्हणाले होते, "कागद घे गं. ते शब्द लिहून घे."

"आधी घरी या. मग बघू."

"अगं, चारच शब्द आहेत."

"बाबा, तुम्ही आता पडा बघू निवांत."

आणि ते पडून राहिले. तिचं ऐकायची त्यांना सवय होती. कागद तिच्या पर्समध्येच होता. तो बाहेर काढला की ते घरी येणार नाहीत हे मान्य केल्यासारखं झालं असतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

"मग आपण त्याची नक्कल करू," घाईमास्तर म्हणाले. "नवं नाव देऊ, तू सांभाळ. खुलं असतं ते त्यासाठीच ना?"

हे तिच्या मनात येऊन गेलं नव्हतं असं नाही. पहिल्या दिवसापासून तेच येत होतं. पण गवंडी मोजणं तिला येत होतं. ते आतून बांधलंय कसं, हे तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या टूलबद्दल कुणी म्हटलं असतं की कर्ता गेला, आता मुलगी सांभाळेल, तर बाबांनी विचारलं असतं, तिनं आजवर किती वर्षं सांभाळलंय?

तिनं लिहिलं, 'कोणीही नाही.' खाली शिफारस दुसऱ्या टूलची केली आणि तक्ता मॅडमना पाठवला.

घरी आई टेबलावर शेंगा सोलत बसली होती.

"लवकर आलीस."

"ते काम संपलं. गवंडी काढून टाका म्हणून लिहून दिलं."

आईचे हात थांबले. "हरलं?"

"तसं नाही हरलं. सांभाळायला कुणी नाही, आई. चावी..."

"माहीत आहे मला. मी होते ना खोलीत." आईनं एक शेंग उचलली, सोलली नाही. "तू नको म्हणालीस. मीही म्हटलं नाही, लिहून घे म्हणून. मला बरंच वाटलं तू नको म्हणालीस ते."

मग ती टेबलाच्या त्या टोकाला बसली आणि तिनं गवंडीचं पान उघडलं. अकरा प्रश्न बिनउत्तराचे पडले होते. शेवटच्यात कुणीतरी विचारलं होतं, एवढे दिवस उत्तर नाही, आपली तब्येत ठीक आहे ना?

त्याखाली तिनं लिहिलं की गवंडीचे कर्ते गेले. नवी आवृत्ती निघणार नाही. ज्यांचं काम यावर उभं आहे त्यांनी सवडीनं, पण नक्की दुसरीकडे जावं. सोबत आठ दिवसांचे आकडे जोडले, गवंडी संथ आहे हेही. कारणाच्या जागी आधी लिहिलं, 'चावी उपलब्ध नाही.' ते खोडलं.

'चावी त्यांनी मला देऊ केली होती. मी घेतली नाही.'

"काय लिहितेस?" आईनं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं.

"राहू दे तसंच," आई म्हणाली.

तिनं पाठवलं. मग पानावर वर जाऊन अकरांतला पहिला प्रश्न उघडला. फाइलीच्या नावात मोकळी जागा असली की गवंडी अडखळतं, त्याबद्दल होता. याचं उत्तर तिला येत होतं. ती लिहू लागली.