दुरुस्तीवाल्याची व्यसनतपासणी

मोबाइल दुरुस्तीवाला मोबाइलचा व्यसनी ठरला. असो, शेवट आधीच सांगून बसलो, तो ऐकलाच नाही असं समजा.

तर तो मेव्हण्याला घेऊन समुपदेशक बाईंकडे गेला. मेव्हणा पक्का गेमवेडा. घास नाकात गेला तरी स्क्रीनवरची नजर हलायची नाही.

बाई म्हणाल्या, "सोबत आलाच आहात, तर आधी तुम्हीच उत्तरं द्या. फक्त हो किंवा नाही. मोबाइल बंद पडला की बेचैन होता?"

"हो, गिऱ्हाईक डोक्यावर बसतं ना."

"नुसतं हो म्हणा. दिवसभर हातात असतो?"

"हो, पण लोकांचा..."

"लोकांचासुद्धा?" बाईंनी कपाळाला हात लावला.

मग मेव्हण्याची पाळी आली. "गेम सोडायचा प्रयत्न कधी फसलाय का?"

"नाही. केलाच नाही."

"गेम थांबला की चिडता?"

"नाही. थांबतोय कुठे?"

प्रत्येक 'हो'ला एक गुण, म्हणून त्याला शून्य गुण, म्हणजे प्रकृती ठणठणीत. "दाजी, सुधरा आता," असं तो मान वर न करता म्हणाला.

बाईंनी दुरुस्तीवाल्याच्या बायकोला फोन लावला आणि दोघींनी मिळून त्याला महिनाभर मोबाइलला हात लावायला बंदी केली. दुकान बुडणार हे दिसताच त्याने तिथल्या तिथे अर्ज खरडला: 'माझ्या उपचारकाळात शहरातील एकही मोबाइल बिघडू नये, असे आदेश संबंधितांस तातडीने द्यावेत, ही नम्र विनंती.'