भाकरीवरचा पास्ता

इथे गुजरातेत, आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत दरवर्षी बायांचं ‘देशविदेशचं जेवण’ असतं. प्रत्येकीने घरून काहीतरी वेगळं रांधून आणायचं. कुणी इटलीचा पास्ता, कुणी मंचुरियन, कुणी मेक्सिकन राजमा. आणि शकूबेनने, म्हणजे मी, काय आणायचं? कागदी प्लेटा! का, ते कुणी तोंडाने बोलत नाही. पण आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली, तेव्हापासून माझ्या घरचा चहा पुढे केला की प्रत्येकीला नेमकी अ‍ॅसिडिटी होते.

यंदा माझी लेक निशा म्हणाली, "आई, तुला रांधता येत नाही असं वाटतं का गं त्यांना?" दहावीतली पोर. तिला खरं कारण ठाऊक होतं, मी काय करते ते बघायचं होतं. माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं, ‘यंदा मी प्लेटा आणणार नाही, रांधून आणणार.’ रुक्मिणीबाई आमच्या पुढारीण. त्यांनी न वाचताच होकाराचा अंगठा टाकला.

आमचे हे म्हणाले, "कशाला वाकड्यात शिरतेस?"

म्हटलं, "सरळ चालून काय पदरात पडलं?"

रविवारी सकाळी कळण्याचं पीठ मळलं. ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं, आमच्या खानदेशातलं. मोठाल्या जाडजूड भाकरी थापल्या, पाटी भरून. सोबत मिरचीचा ठेचा.

हॉलमध्ये सगळं मांडून झालं. रुक्मिणीबाईंनी विचारलं, "शकूबेन, प्लेटा?"

"नाही आणल्या. ग्रुपवर सांगितलं होतं."

"हाय हाय! मग पास्ता काय तळहातावर वाढायचा?"

"तुम्हीही खानदेशातल्याच, धरणगावच्या ना? शेतात न्याहारीला ताट नेत होता का?"

मी भाकरी तळहातावर घेतली, तिच्यावर त्यांचाच पास्ता वाढला आणि सगळ्यांदेखत निशाच्या हातात दिली. पोरगी उभ्याउभ्या खायला लागली. "भारी लागतंय!" झालं, पोरं धावली. कुणाला राजमा, कुणाला मंचुरियन, खाली भाकरी माझी. एका आईने पोराचा हात मागे ओढला, तोवर पोराने घास गिळला होता. कुणीतरी म्हणालं, घरून ताटं आणते. मी म्हटलं, "जा की, कुणी अडवलंय?" पोटात कावळे कोकलत होते, कोण जातंय! एकेक बाई पाटीपाशी आली. मी कुणाला आग्रह केला नाही.

शेवटी रुक्मिणीबाई आल्या. पास्ता नको म्हणाल्या. भाकरीचा काठ मोडला, ठेचा लावला, चावत राहिल्या. एरवी गुजरातीशिवाय न बोलणारी बाई एकदम घरच्या खानदेशी बोलीवर आली. "मीठ बराबर शे. मनी माय अशीच करे." त्यांची आईही अशीच करायची म्हणे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं का नाही आणल्या गं?"

अस्सा राग आला! जणू चूक माझीच.

"तुम्ही प्लेटा आणायला लावत होतात म्हणून," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पुढच्या वर्षीपासून प्लेटा तुमच्याकडे."

रुक्मिणीबाई खाली बघत होत्या. मग त्यांनी पाटीकडे हात नेला. मी पाटी मागे घेतली, एक भाकरी उचलून पुढे धरली.

"आता माझ्या हातून घ्या."

त्यांनी घेतली.