दुसरीची वाट पाहणारी पहिली

मी एक अँटिबॉडी बोलतेय. गडचिरोलीतल्या एका प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये, करंगळीएवढ्या नळीत माझा मुक्काम असतो. जन्म सशाच्या रक्तातला. माणसाच्या एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची आवराआवर करणारं कंडेन्सिन नावाचं प्रथिन शोधायचं आणि त्याला घट्ट चिकटायचं, एवढंच माझं काम.

मला इथे 'पहिली' म्हणतात. माझ्यामागून 'दुसरी' अँटिबॉडी येते. तिला शोधाशोध ठाऊक नाही. आयती माझ्या पाठीवर बसते आणि हिरवीगार चमकते. इथे संशोधन करणारी करिश्मा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिचंच कौतुक करते, तेव्हा माझा नुसता जळफळाट होतो. उजेडाने रंग उतरतो म्हणून तिला चंदेरी कागदात गुंडाळतात, तिच्यासाठी दिवे मालवतात. माझे असे लाड कोणी केले नाहीत.

करिश्मा पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावची. तीन वर्षांचं संशोधन, आणि उद्या ते परीक्षकांना दाखवायचं. तिने पेशी चिकटवलेल्या दोन काचा घेतल्या. एकीवर मला टाकलं, एक काच माझ्याविनाच ठेवली. आता दोन्हींवर दुसरीचा एकेक थेंब. माझ्याविना ती चमकली नाही, तरच काम खरं ठरतं. ही परीक्षा मला फार आवडते.

अंधारात थेंब टाकताना तिच्या बाबांचा, चैतूभाऊंचा फोन आला. मोहफुलं वेचायला कधी येतेस, विचारत होते. बोलण्याच्या नादात तिने दोन्ही थेंब एकाच काचेवर टाकले, तेही मी नसलेल्या.

दोन्ही काचा काळ्याठिक्कर दिसल्या. करिश्मा रडकुंडीला आली.

"पहिली मेली जी, मॅडम," ती तिच्या मार्गदर्शक ललिता मॅडमना म्हणाली. "काहीच दिसून नाई राह्यलं."

तिने माझी नळी कचऱ्याच्या डब्यावर धरली. मी तर काचेवर गुणसूत्रांना गच्च धरून बसले होते, पण सांगणार कशी?

मॅडमनी तिचा हात धरला. "थांब. तिच्यावर दुसरी टाकली का तुनं?"

करिश्माला फोन आठवला. तिने पुन्हा दिवे मालवले.

आणि जिचा जन्मभर दुस्वास केला, तिचीच मी वाट पाहू लागले. ये बाई, लवकर ये. ती आली, ऐटीत पाठीवर बसली आणि काच उजळली.

"कशी चमकून राह्यली जी ही," करिश्मा म्हणाली. पुन्हा तिचंच कौतुक.

आता नळीत माझे दोनच थेंब उरलेत. मी मेले असं कधी वाटलं, तर फेकण्याआधी एकदा तिला बोलवा. मला ती आवडत नाही. तरी बोलवा.