शेंड्यावरची अक्षरं

आमच्या ह्यांना रॉकेटचे पंख लहान काढायची खोड. दिसायला सुबक, पण असलं रॉकेट वर जाताच गटांगळ्या खातं, हे लेकीने त्यांना हजारदा सांगितलं असेल. बापलेक मिळून हातभर लांबीची, खरोखर उडणारी रॉकेटं करायचे. शेंडा, पंख असले भाग एका वेबसाइटवर काढायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये छापून आणायचे. आराखडा दोघांचा एकच. संध्याकाळी हे काढत, मग ती आपल्या खोलीतून गुपचूप पंख वाढवून ठेवी.

पुढे तिने कॉलेज सोडलं आणि ह्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. "आमच्यासाठी तू मेलीस," म्हणाले. लेकीने बापाचा शब्द तंतोतंत पाळला. घर सोडलं, फोन बदलला, पत्ता कळवला नाही. मी दोघांवरही चिडले, ह्यांच्यावर जास्त, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मग कितीतरी दिवस ह्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा कंटाळून जुना आराखडा उघडला, खोडीप्रमाणे पंख बारीक केले आणि बंद केला. सकाळी बघतात तर पंख मोठे. मी चहा टाकत होते, तिथे ओट्याशी येऊन उभे राहिले.

"तिने केलेत," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून घरात जीव आला. रोज मुद्दाम एक चूक करायची आणि सकाळी ती सुधारलेली बघायची. मी चेष्टा करायचे, की आजवर चुका नकळत व्हायच्या, आता ठरवून करताय. पण खरं सांगते, सकाळी त्यांच्या आधी मीच कॉम्प्युटर लावू लागले होते.

एकदा ह्यांनी धीर करून शेंड्यावर नाजूक उठावाची अक्षरं काढली: चुकलो, घरी ये. सकाळी शेंडा गुळगुळीत. मला तो नकारच वाटला, हे मात्र हसत होते.

"पुसलं म्हणजे वाचलं ना तिने. रागावू दे."

गेल्या महिन्यात तो शेंडा छापायला आम्ही दोघं दुकानात गेलो. ह्यांनी दुकानदाराला कौतुकाने सगळं सांगितलं. तो बिचारा घुटमळला. मग म्हणाला, की वेबसाइटने हल्ली एक सोय केली आहे. आराखडा बंद केला की कमी पडणारे पंख आपोआप वाढतात आणि छापता न येण्याइतकी बारीक नक्षी निघून जाते. खाली कोपऱ्यात बरोबरची खूण असते, ती काढली की हे थांबतं.

घरी आल्यावर ती खूण मीच काढली. ह्यांनी पंख नखाएवढे केले, अक्षरं या वेळी चांगली जाड काढली आणि आराखडा बंद केला.

सकाळी दोघांनी मिळून उघडला. पंख नखाएवढेच होते. चुकलो, घरी ये, जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. मला वाटलं होतं हे रडतील, पण रडले मी. हे नुसते बघत बसायचे. जेवणावरची वासना गेली, दाढी वाढली.

आज सकाळी चहा घेऊन गेले तेव्हाही पडद्यासमोरच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, ती खूण परत लावतेस का?"

मी कप खाली ठेवला आणि लावली.