तळव्याखालचं टचपॅड

साहेब, तो पुठ्ठा तुम्ही काढायला लावलात. दवाखाना बघायला पाहुणे येणार म्हणून. "लॅपटॉप आहे की रद्दीचं दुकान?" असं चारचौघांत विचारलंत, आणि बुकिंगवाल्या बाईने टचपॅडवर चिकटवलेला तो तुकडा नखाने खरवडून काढला.

हौस म्हणून नव्हता लावला तिने. उजवा हात माउसवर, डावा टायपिंगला. तळवा जरा टचपॅडला टेकला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच उडी मारायचा. टचपॅड बंद करायचा पासवर्ड तुमच्याकडे. कितीदा मागितला तिने. "बघू," म्हणालात.

पाहुणे गेले, पण पुठ्ठा परत लावायची तिची छाती झाली नाही. त्याच दुपारी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनचा चौकोन ती पडद्यावरच्या कॅलेंडरात माउसने धरून सोमवारवरून गुरुवारवर सरकवत होती. तळवा टेकला. चौकोन उडाला तो थेट पुढच्या महिन्यात. खोटं कशाला बोला, तिला दिसला तो उडताना. पण खिडकीशी लोक खोळंबलेले. नंतर बघू म्हणाली आणि राहूनच गेलं.

गुरुवारी शिंपी उपाशीपोटी येऊन बाकावर बसला. पडद्यावर त्याचं नावच नाही. तुम्ही पेशंटना फोनवरून तारखा कळवणाऱ्या काकूंना धरलंत.

"काय सांगितलंत त्यांना? कान आहेत की नुसती भोकं?"

"साहेब, मला गुरुवारच सांगितला होता. विचारा की हिला."

बुकिंगवाली बाई खाली मान घालून माउस पुसत बसली. स्वच्छ माउस. पुसतच बसली.

"उद्यापासून येऊ नका," तुम्ही म्हणालात.

काकूंनी डबा पिशवीत कोंबला. जाताना डोळे भरून आलेल्या बुकिंगवालीच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, तू कशाला रडतेस? तुझं काय चुकलंय यात?"

तो हात तिला चटका देऊन गेला. ती उठली आणि न विचारता तुमच्या केबिनमध्ये घुसली.

"चूक माझी आहे. माझ्या हातून उडालं ते, आणि मघाशी मी तोंड शिवून बसले. मला काढा. काकूंना बोलवा."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अहो, सोडा आता. मिटलं ते."

कुणाचं मिटलं, साहेब? ती अजून तुमच्यासमोर उभी आहे. बाहेर शिंपी उपाशी बसलाय. काकू अजून फाटकापर्यंतही पोचल्या नसतील. हाक मारताय की नाही? बोला.