वाईट दिवस दाखवायचा

सलूनमध्ये त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. कात्री चालू असेपर्यंत तोंड चालू. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता हा सुरू व्हायचा: गल्लीत कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या डॉक्टरला स्वतःचंच ब्लडप्रेशर कळलं नाही, टक्कल पडायला लागल्यावर भांग कुठून पाडावा. डोक्यावर केस न उरलेली माणसंसुद्धा त्याच्याकडे येऊन बसायची.

बायको अगदी उलट. ती एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि घरी आल्यावर ऐकायची.

"एवढं बोलून दमत कसे नाही हो तुम्ही?"

"काय करू? तुझ्या वाट्याचंही मलाच बोलावं लागतं."

एका सकाळी दाढी करता करता तो बोलता बोलता अडखळला. त्याने वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरून उचलला, मिटला, आरशासमोर ठेवला आणि मग कोसळला. गिऱ्हाइकाला साधा ओरखडाही उठला नाही. पुढे कितीतरी दिवस ते गिऱ्हाईक भेटेल त्याला हे सांगून डोळे पुसायचं.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं मात्र सगळं. "शब्द आत आहेत," डॉक्टर म्हणाले, "बाहेर यायचा रस्ता मोडलाय." त्या मोडक्या रस्त्यावरून फक्त एक शिवी तेवढी सुखरूप बाहेर पडायची. शेजारच्या आजी विचारपूस करायला आल्या, "कसं वाटतंय आता?" म्हणाल्या, आणि याने अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ती खणखणीत हासडली. आजींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "चला, आवाज तरी शाबूत आहे." तो हसला, हसता हसता रडायला लागला. त्या दिवसांत त्याच्या हसण्यातून रडणं कधी सुरू व्हायचं ते कळायचंच नाही.

अपंग भत्ता मंजूर झाला म्हणून निभावलं. त्या भत्त्यातून दिवसा सांभाळायला एक निवृत्त वॉर्डबॉय यायचे, त्यांना सगळे मामा म्हणत. मामा त्याला आंघोळ घालायचे, धरून चालवायचे, म्हणून तिला लॉन्ड्रीत जाता यायचं. आणि बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट यायची. तिचा एकच नियम होता: "काका, चुकलं तरी चालेल. पण गप्प बसायचं नाही."

पहिला शब्द आला तो 'चहा'. मग काही आठवडे सगळंच चहा. पाणी चहा, गोळ्या चहा, बायको चहा. मग 'नको' आला. मग 'ये'. आणि एका संध्याकाळी आतल्या खोलीतून हाक आली, "अगं." ती हातातलं टाकून धावली आणि दारात उभी राहिली. त्याला काहीच नको होतं. त्याला फक्त हाक मारायची होती.

अशात नियम बदलले. भत्ता घेणाऱ्या सगळ्यांची फेरतपासणी होणार असं कळवण्यात आलं. आधी आजार काय झालाय ते बघायचे, आता माणसाला काय काय जमतं ते बघून गुण देणार होते. जास्त जमलं तर गुण कमी, म्हणजे भत्ता कमी, किंवा बंद. हे तिने वाचलं होतं. पण तपासणी म्हटल्यावर तिने नवऱ्याला तयार केलं, तसं कुणीही केलं असतं. मामांनी दाढी गुळगुळीत केली, तिने इस्त्रीचा शर्ट चढवला. तो तर परीक्षेला निघाल्यासारखा सकाळपासून ओठ हलवत होता.

तपासणी करणारा डॉक्टर तरुण होता आणि चांगला होता, हेच वाईट झालं. खेकसला असता तर हा मिटून बसला असता. डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली, हसून विचारलं, "काय काका, काय काम करायचात?"

त्याने तोंड उघडलं. मान ताणली, डावी मूठ गुडघ्यावर आपटली. काही येईना. मग त्याची नजर डॉक्टरच्या मानेवर वाढलेल्या केसांवर गेली आणि एकदम, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं, अशा आवाजात तो म्हणाला, "या साहेब, बसा! बारीक करू की मध्यम?"

तीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य. अख्खं, न अडखळता. बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टर खळखळून हसला. "मध्यम," तो म्हणाला. नवरा तिच्याकडे वळून बघत होता. बघितलंस का, असा आनंद त्याच्या डोळ्यांत मावत नव्हता. मग तो जोशात होता म्हणून त्याने डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटणही काढून लावून दाखवलं. कुणी विचारलं नव्हतं तरी.

घरी येईपर्यंत तिने ते वाक्य मामांना फोनवर सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, आजींना सांगितलं.

निर्णय आला तो असा: 'पूर्ण वाक्यात संवाद साधतात. एका हाताने कपडे घालू शकतात.' भत्ता बंद.

मामा पुढचे काही दिवस तसेच येत राहिले, पण त्यांचंही घर होतं. थेरपिस्टची संस्था फुकट पाठवू शकत नव्हती. बायकोने लॉन्ड्रीतली रजा संपवली, मग बिनपगारी घेतली. तो दिवसभर तिच्या मागे नजर फिरवायचा. आपल्या चांगल्या वाक्याचा आणि या सगळ्याचा काय संबंध, ते त्याला एव्हाना कळलं होतं.

अपील करता येतं, असं आजींनी शोधून काढलं. लोकांना अशा कामात मदत करणारं एक केंद्र होतं. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही त्यांना चांगला दिवस दाखवलात," त्या म्हणाल्या. "वाईट दिवस दाखवायचा असतो."

"म्हणजे खोटं सांगायचं?"

"अजिबात नाही. ते वाक्य त्यांना पुन्हा कधी आलं?"

"नाही आलं."

"मग खोटं ते होतं ना? रोज जे घडतं तेवढंच दिसू द्या. दाढी करू नका. जोर लावायला सांगू नका. आणि तुम्ही त्यांच्या समोर सगळं सांगायचं. अगदी सगळं. लाज धरलीत तर गुण जातील."

दोन दिवस तिला नवऱ्याशी बोलायचं धाडस झालं नाही. शेवटी त्याच्या पायांची नखं कापायला बसली तेव्हा मान खाली घालूनच म्हणाली, "अहो, तिथे विचारतील. तेव्हा… तेव्हा जोर लावू नका. नाही आलं तर राहू दे."

 तिने मान वर केली. तो तिच्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. समजूत काढायची तिने, आणि काढत होता तो.

अपिलाच्या वेळी टेबलामागे तिघं होते. मधल्या बाईंनी तोच प्रश्न विचारला: काय काम करायचात? त्याचे ओठ हलले. तो शब्द येताना तिला दिसला. त्याच्या गळ्यापर्यंत आला, जिभेवर आला, नक्की आला. त्याने बायकोकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बाईंनी पुन्हा विचारलं. तो भिंतीकडे बघत राहिला. ओठांच्या कडेने लाळ ओघळली, तीही त्याने पुसली नाही. एरवी रुमाल डाव्या हातात तयार असायचा.

मग ती बोलली. आयुष्यात एवढं सलग कधी बोलली नव्हती. त्यांना संडासात कसं बसवावं लागतं, रात्री अंथरूण कसं ओलं होतं, घास कसा अडकतो, परक्या बाईमाणसासमोर शिवी कशी जाते आणि मग ते तोंड लपवून कसे रडतात. ती सांगत होती आणि तो शेजारी बसून ऐकत होता.

"त्यांना हे समजतंय का?" कडेच्या गृहस्थांनी विचारलं.

"सगळं समजतंय," ती म्हणाली. तिघांपैकी एकाने मान खाली घातली.

निर्णय तिथेच सांगितला: भत्ता परत सुरू. बाहेर बाकावर तिने त्याचा हात दाबला, "झालं हो. मिळालं." त्याने हात काढून घेतला नाही, पण वरही पाहिलं नाही.

मामा आले. थेरपिस्ट आली, खुर्ची ओढून बसली. "चला काका, चहापासून सुरू करू." त्याने तोंड उघडलं नाही. पुढच्या वेळीही नाही. 'नको' गेलं, 'ये' गेलं, हाक गेली, ती एक शिवीसुद्धा गेली. "मन खचतं कधी कधी," थेरपिस्ट म्हणाली. "येईल परत." बायकोने तिला काही सांगितलं नाही.

एका दुपारी ती लॉन्ड्रीतून लवकर आली. मामा बाहेर जिन्यावर विडी ओढत होते. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, नळ धो धो सुरू होता, आणि त्या आवाजाखाली तो बोलत होता. शब्द कळत नव्हते, अर्धेमुर्धे, मोडलेले. पण चाल तीच. वर चढणारी, मध्येच थांबणारी, पुढे काय झालं माहितीये का, असं म्हणत खाली येणारी. तो कुणाला तरी काहीतरी सांगत होता.

"अहो!" ती दार ढकलून आत गेली.

तो स्टुलावर बसला होता. तिला बघून दचकला, चोरी पकडल्यासारखा. डाव्या हाताने घाईघाईने नळ बंद केला.

"बोला ना. बोला की हो, मीच आहे."

त्याने तिच्या मागे उघड्या दाराकडे पाहिलं, पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं, आणि मान हलवली. ती धावत गेली. पुढचं दार लावलं, कडी घातली, खिडकी ओढून घेतली, परत येऊन त्याच्या समोर ओल्या फरशीवर बसली.

"आता कुणी नाही. कुणालाही कळणार नाही. बोला."

त्याने तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला. तू ऐकलंस आणि उद्या तुलाच कुणी विचारलं तर, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. ती त्याच्या तळव्याआड रडत राहिली, आवाज न करता, आणि तो बंद खिडकीकडे कान देऊन बसला.